पावभर पापड, किलोभर गोष्टी

आई,

पापडाचे दोन पुडे घेऊन मी केळझरले चालली. दुपारच्या बसनं वापस येतो.

काल तुम्ही रागावल्या ते बरोबरच होतं. तुम्ही गिऱ्हाइकायले खुणेच्या नावानं लिहिता, हे माह्या ध्यानातच नाई आलं. मी वहीतली यंदाची पानं जशीच्या तशी मोबाइलमध्ये उतरवली अन् नव्या पापडाचा मेसेज सगळ्यायले नावासकट पाठवला. ‘नमस्कार चेंगट गुरुजी’ वाचून गुरुजी हसले, वरतून दोन किलो सांगितले. पण केळझरच्या ‘किरकिऱ्या बाई’ माहा फोनच उचलून नाई राह्यल्या. म्हणून समोर जाऊन माफी मागतो.

आता मोबाइलमध्ये खरं नाव, नंबर, कोणाले तिखट चालते अन् कोणाच्या घरी लगन आहे, एवढंच राहील. ज्याले मेसेज नको, त्याले जाणार नाई. तुमच्या मनातलं तुमच्या वहीत राहू द्या, फक्त वही गल्ल्यावर उघडी नका ठेवू.

सकाळी वहीची जुनी पानं चाळली, तर लग्नाआधीचा माहा नंबर दिसला. पुढं तुमच्या हातचं लिहिलेलं, ‘हसरी पोरगी. पापड घेते पावभर, बोलते किलोभर. आपल्या कुंदनसाठी मागणी घालाची.’

ते पान मी मोबाइलमध्ये नाई घेतलं.

चहाचं आधण ठेवजा. कालपासून आपण बोललो नाई, किलोभर बोलाचं आहे.

काजल