नावाड्याचं पुढे काय झालं

१९ जून, रविवार
वाचन दिन. वाचनालयात औसेप मास्तरचं भाषण. दरवर्षी तोच माणूस, तोच घसा. हेडमास्तरकी गेली, छडी गेली, वाचनालयाच्या प्रेसिडेंटची खुर्ची मात्र सुटत नाही.
संकल्प: ऑगस्टअखेरच्या निवडणुकीत प्रेसिडेंट मी, अच्युतन पणिक्कर. अख्खी हयात वीज मंडळात बिलं काढण्यात गेली. आता गावाला माझी अक्कल कळू दे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक असते. एकेकानं उठून सध्या काय वाचतोय आणि ते कसं वाटतंय ते सांगायचं. तिथेच छाप पाडायची.

२२ जून, बुधवार
लायब्ररियन रंजिनी पिशवीभर पुस्तकं घेऊन आली. दर बुधवारी घरोघरी बायकांना पुस्तकं वाटत फिरते. मागच्या दारी फणसाचे गरे खात माझ्या बायकोशी, भार्गवीशी, 'चेच्ची, चेच्ची' करत थोरल्या बहिणीशी माराव्यात तशा तासभर गप्पा. बायकांच्या गप्पा, दुसरं काय!
आमच्या घरात कामाची वाटणी आहे. बायको वाचते आणि जेवताना मला गोष्ट सांगते. मी विचार करतो. वाचणं हे काम तसं कारकुनीच.

२६ जून, रविवार
मैदान मारलं! उभा राहून म्हणालो, "या कादंबरीतल्या बाईचं दुःख खरं आहे, पण लेखकालाच ते बघवत नाही, म्हणून तो सारखा डोंगराकडे बघत बसतो." मग टाळ्या.
वाक्य तसं भार्गवीचं. काल भात वाढताना म्हणाली होती. पण नुसतं म्हणणं वेगळं, चारचौघांत ठासून सांगणं वेगळं.
मास्तर म्हणाला, "पणिक्कर, हे तुझं?" मी म्हटलं, "मग काय तुझं?" रंजिनीला जोराचा खोकला आला. पोरीनं काढा घ्यायला हवा.

१३ जुलै, बुधवार
भार्गवीनं नवी कादंबरी घेतलीय. एक नावाडी असतो. बायको गेलेली, मुलगी परगावी, नदीवर पूल होणार म्हणून धंदा बसणार. मला असल्या रडगाण्यात काडीचा रस नाही. तरी तयारी म्हणून "मग?" असं विचारलं. दोनदा. भार्गवी हातात पळी धरून सांगत बसली. माझं ताट वाळलं.

२० जुलै, बुधवार
नावाड्यानं नाव विकायला काढली, गिऱ्हाईक आलं, तर हा तिची दोरीच सोडेना. इथेच भार्गवी थांबली. म्हणे बाकीचं उद्या. ही काय पद्धत झाली?

२७ जुलै, बुधवार
अजबच. पुस्तकाच्या मध्यावर नावाडी गायब! एकदम कुठलासा स्टेशनमास्तर आणि त्याच्या तीन मुली. नावाड्याचं नावसुद्धा नाही. भार्गवी म्हणाली, "आणि हे असं का झालं ठाऊक आहे का..." मी म्हटलं, पुरे. आमटीत मीठ कमी आहे, ते आण. कारणं शोधणं हा माझा प्रांत. मत तयार आहे. रविवारी मास्तरची बोलती बंद.

३१ जुलै, रविवार
कट. सगळा कट.
मी म्हणालो, "नायकाला मध्येच वाऱ्यावर सोडून द्यायला छाती लागते. आयुष्यातही माणसं अशीच नाहीशी होतात." मास्तरनं चष्मा पुसला. "खरंय. पण मध्यापासून कागद पिवळा होतो, टाइप बारीक होतो, त्यात लेखकाचा काय हेतू?" मी म्हणालो, "तोही एक प्रयोग."
मागच्या बाकावरून बाइंडर बीरानकुट्टी उठला. "साहेब, तो प्रयोग माझा. दोन फाटकी पुस्तकं एकदम शिवायला आली होती. अर्धं इकडचं तिकडे गेलं."
लोक बाक बडवून हसले. त्यावर रंजिनी गोड आवाजात म्हणाली, "भार्गवीचेच्चींनी बुधवारीच दाखवलं मला. सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला घरात बोलल्या नाहीत?"

१ ऑगस्ट, सोमवार
भार्गवीला जाब विचारला. सांगितलं का नाहीस?
म्हणाली, "सांगत होते. तुम्ही मीठ मागितलंत."
मग म्हणाली, "माझं बोलणं तुम्ही रविवारी आपलं म्हणून सांगता, हे रंजिनी मला केव्हापासून सांगतेय. मी काही बोलले नाही. वाटायचं, एकदा तरी घरी येऊन म्हणाल, भार्गवी, तुझं म्हणणं लोकांना आवडलं हो."
बायकांना श्रेयाची फार हाव.

१० ऑगस्ट, बुधवार
पुस्तकं उसवून नीट शिवून आली. भार्गवीनं नावाडी पुन्हा घेतला. वाचतेय. जेवताना अवाक्षर नाही. सहज विचारलं, मग नाव विकली का त्यानं? म्हणाली, "वाचा ना. चष्मा आहे, वेळ आहे."
वाचतो! त्यात काय आहे? अशी पुस्तकं मी दिवसाला दोन उडवीन.

१४ ऑगस्ट, रविवार
दुपारी ती झोपल्यावर पुस्तक घेतलं. पान चार. वीज गेली. बोर्डात आता काम करणारे राहिलेच नाहीत.

१७ ऑगस्ट, बुधवार
पान चार. डुलकी. लेखकाला सांगताच येत नाही. भार्गवी सांगायची तेव्हा वल्ह्याचा आवाज यायचा. छापताना काहीतरी गडबड झाली असावी.

२१ ऑगस्ट, रविवार
भार्गवी ओसरीवर बसून वाचता वाचता खुदकन हसली. मग पदरानं डोळे पुसले. मी विचारलं, "काय झालं त्याचं?" "कुणाचं?" "त्याचंच, नावाड्याचं." म्हणाली, "पानं उलटा, कळेल." पुस्तक मिटून आत गेली. माझ्या घरात मलाच चोरी!

२८ ऑगस्ट, रविवार
निवडणूक झाली. माझं नाव कुणी सुचवेना, म्हणून मीच सुचवलं. अनुमोदनाला एक हात वर येईना. मास्तर बिनविरोध. गाव अडाणी आहे.
मग बैठक. दारातून भार्गवी आली, दुखऱ्या गुडघ्यानिशी, रंजिनीचा हात धरून. लग्नानंतर पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढली असेल. माझ्याकडे न बघता पुढच्या बाकावर बसली. उठून नावाड्याबद्दल बोलली. तोच आवाज, भात वाढतानाचा. कुणी खोकलंसुद्धा नाही. माझा हात नकळत ताट शोधत होता.
शेवटाशी येऊन थांबली. "पुढचं सांगत नाही. ज्याला हवं त्यानं वाचावं." मास्तर लहान मुलासारखा म्हणाला, "अहो, नाव राहते का एवढं तरी सांगा!" सगळे हसले. तीही हसली.
आत्ता जेवताना मी म्हटलं, "आज मीठ अगदी बरोबर आहे." वाट बघितली. ती "हं" म्हणाली, आपलं ताट घेऊन ओसरीवर गेली.
पान नऊ. नावाडी अजून नाव बांधतोच आहे.