माळबेट आणि बोरबेट यांची खरी मोजणी

मी, सांडू फकिरा गाडेकर, वय वर्षे बहात्तर, निवृत्त भूमापक, राहणार पडेगाव, औरंगाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. कलम तीन वाचून ते हा दाखला परत मागतील, म्हणून नक्कल आधीच काढून ठेवली आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकावा एवढी इस्टेटही नाही.

कलम १. पडेगावचे दोन खोल्यांचे घर पत्नी वच्छलाबाई हिला द्यावे. या घराचा एकही कोपरा काटकोनात नाही. भूमापकाचे घर असे वाकडे कसे, असे पाहुण्यांनी विचारले की ती म्हणते, "ह्यांनीच आखलंय ना!" हे खरे आहे.

कलम २. मोजणीची तेहतीस फुटी साखळी शफीक याला मी आधीच देऊन टाकली आहे, ती कोणी परत मागू नये. बावीस वर्षे तिचे दुसरे टोक त्यानेच धरले. निवृत्तीला गुलमंडीतून कापड घेऊन शिवलेला कोट कोणालाही देऊ नये. पहिल्या धुण्यातच तो कोपरापर्यंत आला. मी तरी तीन लग्नांत घातला, कारण शिलाई भरली होती.

कलम ३. आता मूळ मुद्दा. कन्नड तालुक्यातली आमच्या वडिलांची जमीन धरणात गेली आणि दोन टेकाडांचे माथे तेवढे पाण्याबाहेर राहिले. सपाट ते माळबेट, उभ्या चढाचे खडकाळ ते बोरबेट. वडील वारल्यावर वारस दोघेच, मी आणि धाकटी विधवा बहीण चतुराबाई. ती म्हणाली, "दादा, तू सरकारी मोजणीदार. तू मोजशील ते खरं."

मी १९६६ च्या वैशाखात, धरणाचे पाणी खाली गेलेले असताना मोजले. बोरबेट तीन एकर चार गुंठे. माळबेट सात एकर बारा गुंठे, आणि माती अशी काळी की पाहूनच माझी नियत फिरली. कागदावर मी माळबेट तीन एकर लिहिले. शफीक म्हणाला, "साहब, सात एकर भरली की ओ!" मी म्हणालो, "तू साखळी धर, कागद मी धरतो." चतुराबाईला सांगितले, बोरबेट तुझे, चार गुंठे तुलाच जास्त दिलेत. तिने खुशीने केलेला चहा मी दोन कप प्यायलो. तिला वाचता येत नव्हते. मला येत होते, आणि त्याचा मी हा उपयोग केला.

मग पावसाळा आला. धरण भरले आणि माझे सात एकर बावीस गुंठ्यांवर आले. तिचे बोरबेट तीन गुंठ्यांनी कमी झाले, बस. भरल्या पाण्याच्या रेषेखालची जमीन सरकारने केव्हाच संपादन केलेली असते. हा नियम मी उभा जन्म दुसऱ्यांना समजावून सांगितला आणि स्वतःच्या वेळी पार विसरलो. सरकारची पावणेसात एकर जमीन चोरण्यासाठी मी सख्ख्या बहिणीला फसवले. एवढा अक्कलशून्य चोर तालुक्यात दुसरा सापडायचा नाही.

जमिनीचा वापर लिहितो. बोरबेटावर एक एकर सीताफळ, अर्धा एकर बोरी, दहा गुंठे शेळ्यांचा गोठा, बाकी गवत आणि कातळ. त्या कातळावरही ती मिरच्या वाळवते. माळबेटावर एक गुंठा झोपडी, अर्ध्या गुंठ्यात माझ्या नावाची पाटी, उरलेले साडेवीस गुंठे बगळ्यांकडे.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर चतुराबाई माझ्या बेटाला पायी चक्कर मारून आली. म्हणाली, "दादा, तुझ्या बेटाला माझ्यापरीस लई पावलं लागत्यात." मी म्हणालो, "बायकांची पावलं लहान असतात." ती निघून गेली. तेव्हापासून एकवीस दिवाळ्या झाल्या, तिने मला ओवाळलेले नाही.

बहात्तरच्या दुष्काळात धरण आटले, दोन्ही बेटांमध्ये कोरडी जमीन उघडी पडली. चालत जायला एक बिडी पुरली असती. मी गेलो नाही. ती कशाला येईल? पंच्याहत्तरच्या आश्विनात पाणी माझ्या झोपडीत शिरले, तेव्हा मात्र ती तराफा घेऊन आली आणि मला शेळ्यांमध्ये बसवून काठावर सोडले. वाटेत तिने शेळ्यांना नावाने हाका मारल्या. मला नाही.

कलम ४. खऱ्या मोजणीचा नकाशा माझ्या सहीनिशी चतुराबाईला द्यावा. माळबेटही तिलाच द्यावे. तिने ते घ्यावे अशी माझी फार इच्छा आहे. मी चुकलो. हे तोंडाने म्हणायला मला एकवीस वर्षांत जमले नाही, म्हणून वकील लावला.

पुरवणी. येथवर लिहून झाल्यावर काल शफीक कन्नडला जाऊन हे सारे चतुराबाईला सांगून आला. आज सकाळच्या एसटीने ती आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "वाच."

मी कलम तीन वाचले.

"मोठ्यानं वाच. वहिनीला बी ऐकू जाऊ दे."

वच्छलाबाई पोळपाट सोडून दारात आली. मी पुन्हा वाचले. "नियत फिरली" हे शब्द मी घाईने उरकले. चतुराबाई म्हणाली, "व्हय, तेच परत वाच." मी वाचले.

मग ती आत आली आणि म्हणाली, "ह्याला साक्षीला मी ऱ्हाणार."

सह्यांसाठी आलेल्या वकीलसाहेबांनी समजावले, "बाई, ज्याला मिळायचं त्यानं साक्षीला राहू नये. नंतर भानगड होते."

"मंग माझं नाव काढा. बेट नको मला. ते पाण्याचं हाय, पाण्याला सोडा. ह्यानं कबूल केलंय ना, त्याच्याखाली माझा अंगठा पायजे."

सबब माळबेटाबाबतचा मजकूर रद्द समजावा. नकाशा तिने आजच पिशवीत टाकला आहे. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराचे फक्त नाव लागते, नाते लागत नाही. ती म्हणाली, "लागतं. लिवा."

ठिकाण: पडेगाव, औरंगाबाद
तारीख: १६ फेब्रुवारी १९८८

लिहून देणार: सांडू फकिरा गाडेकर (सही)

साक्षीदार:
१. शफीक, साखळीवाला (सही)
२. चतुराबाई (डाव्या हाताचा अंगठा). नाते: सख्खी बहीण.