पहिलं 'नको'

त्राब्झोन, ५ तीर

ती. मामान हिस,
मंदानाचे सलाम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुम्हा दोघांना मी इथे महिनाभर सुट्टीला बोलावलं, त्यावर तू लिहिलंस की तुला जमणार नाही. गुडघे दुखतात, लसणाचं लोणचं घालायचं आहे, शेजारच्या मुनीरखानूमच्या लेकीचं बाळंतपण आहे, आणि बाबांना पाठवते, तुम्ही बापलेकच मजा करा. वाचून वाईट वाटलं. सहा वर्षांत तुला पाहिलेलं नाही. देशोदेशीचे जुने पूल मोजत हिंडायचं माझं काम. इराणला घरी आले तर सरकार पुन्हा बाहेर पडू देईल याचा भरवसा नाही, म्हणून तर तुर्कस्तानातल्या या परक्या गावात भेटायचं ठरवलं होतं.

पण तुझी इच्छा नसेल तर मी ओढाताण करणार नाही. बाबांचं एकट्याचं बसचं तिकीट पाठवते आहे. तुमच्या रश्तहून येणाऱ्या बसचे ड्रायव्हर मीर्झाआगा आपली पत्रंही नेतील-आणतील म्हणाले, टपालापेक्षा तेच लवकर पोचवतात. खोली समुद्रासमोर आहे. बाबांना गरम कपडे दे, इथे तीर महिन्याच्या भर उन्हाळ्यातही सारखी भुरभुर चालू असते.

गुडघ्यांना तेल लावत जा. माया कमी करू नकोस.
तुझी मंदाना

रश्त, १४ तीर

चि. मंदाना हिस अ. आ.

तुझे बाबा आज सकाळी बसमध्ये बसले. इतके खूश होते की टोपी विसरून गेले. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. काही क्षेम नाही. माझं डोकं फिरलं आहे.

बोलावणं आलं की पहिल्याच फटक्यात हो म्हणणारी बाई आपल्या गल्लीत कधी पाहिलीस का गं? पनीरवाला हैदरआगा पैसे घेताना रोज म्हणतो, राहू द्या खानूम, दुकान तुमचंच आहे. म्हणून मी पनीर उचलून तशीच घरी चालू लागते का? तो तआरोफ करतो, मीही करते, शेवटी तो पैसे घेतो आणि दोघांचीही अब्रू राहते. तू याच घरात वाढलीस. मी नको म्हणायचं, तू पुन्हा बोलवायचं. मी गुडघे पुढे करायचे, तू रुसायचं. तिसऱ्यांदा मी नाइलाज झाल्यासारखं दाखवून बॅग भरायची. बॅग तर मी तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी भरली होती! आणि तू एका 'नको'वर तिकीट काढून मोकळी झालीस. परदेशात राहून डोक्याचा पार दगड झाला आहे तुझ्या.

आणि गुडघे म्हणे! याच गुडघ्यांनी मी दमास्कसच्या दर्ग्याची झियारत करून आले. तो पासपोर्ट अजून चालू आहे. मुनीरखानूम रोज कुंपणावरून विचारते, कधी निघणार? काय सांगू तिला? लेकीने बापाला बोलावलं आणि आईला वगळलं म्हणून सांगू? मला ताप आला आहे असं मी तिला सांगितलं. आता ती रोज सूप घेऊन येते आणि मला अंथरुणात पडून ते प्यावं लागतं.

उन्हातान्हात पुलांवर उभी राहू नकोस. कळावे.
तुझी संतापलेली आई, इफ्फत

त्राब्झोन, २० तीर

सौ. इफ्फतखानूम हिस यदुल्लाचे सलाम.

सुखरूप पोचलो. एवढा प्रवास करून काय पाहिलं? तेच चहाचे मळे, तोच पाऊस, तोच समुद्र. फक्त त्याचं नाव दुसरं आहे. यापेक्षा लाहीजानला गेलो असतो तर दुपारी घरी जेवायला आलो असतो.

जेवणावरून आठवलं. तुझ्या लेकीने मला उपाशी मारायचं घेतलं आहे. पहिल्याच दिवशी विचारलं, बाबा, अजून भात वाढू का? मी आपला नेहमीसारखा म्हणालो, पुरे, पोट भरलं. तिने ताट उचललं आणि धुऊन टाकलं! मी हात हवेत धरून बसलो. घरमालकीण तुर्की बाई, माझी भाषा तिला कळत नाही, पण तिला कळलं. ती गुपचूप मक्याचं पीठ आणि चीज घालून काहीतरी करते आणि मी नको-नको म्हणत असताना समोर ठेवून निघून जाते. त्यावर जगतो आहे. आता तर मी विचारल्याबरोबर हो म्हणायला लागलो आहे. या वयात माझ्यावर ही वेळ आणली तुम्ही.

तुझं पत्र तिने वाचलं, लाल झाली आणि किनाऱ्यावर निघून गेली. परत आल्यावर मी म्हणालो, अगं, आणखी एकदा बोलाव, तुझं काय जातं? ती म्हणाली, एकदा विचारलं, आता विचारणार नाही, ज्याला यायचं त्याने यावं. मी ओरडलो. तीही ओरडली. घरमालकीण धावत आली. रागाच्या भरात मीही बोलून गेलो, की म्हणूनच तुझी आई मुनीरला सांगत असते, पोरगी आम्हाला टाकून गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

तू तिथे भरलेल्या बॅगेजवळ बसली आहेस. ही इथे. खोलीत तीन पलंग आहेत, तिने मुद्दाम तशी घेतली होती. मालकीण तिसरा काढून न्यायला आली तर हिने नेऊ दिला नाही. दोघी एकाच माळेचे मणी आहात, आणि मधे माझी सुट्टी वाया चालली आहे. बस्स.

टोपी पाठव.
यदुल्ला

त्राब्झोन, २२ तीर

ती. मामान हिस सलाम.

बाबांनी पलंगाबद्दल लिहिलं असेल तर तो खोलीसोबतच येतो.

मला दगड म्हणालीस. ठीक. मग ऐक. तेहरानच्या विमानतळावर मी तुला विचारलं होतं, जाऊ का? तू म्हणालीस, जा. मी बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली, पुन्हा विचारलं. जा म्हणालीस. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू माझा स्कार्फ नीट केलास आणि म्हणालीस, जा, उशीर होईल. तुझ्याच रीतीने विचारलं होतं मी, मामान. आणि मागे मुनीरखानूमला सांगतेस, टाकून गेली?

गेली सहा वर्षं जिथे जाते तिथे मी तोच 'जा' उलटासुलटा करून बघते आहे. थांब म्हणायचं होतं का तुला? चौथ्यांदा विचारायला हवं होतं का? त्याने मी वेडी व्हायची वेळ आली, म्हणून ठरवलं की माणूस जे बोलेल तेच खरं धरायचं. नको म्हणजे नको. जा म्हणजे जा. तुला हे दगडपण वाटतं, मी त्याच्यावर उभी आहे. मी पुन्हा बोलावणार नाही.

मीर्झाआगांची बस गुरुवारी रश्तहून निघते. हे बोलावणं नाही, माहिती आहे.

मंदाना

रश्तच्या बस अड्ड्यावरून, गुरुवार

चि. मंदाना हिस अ. आ.

मला यायचं आहे. कुणी विचारलेलं नाही, तरी लिहिते आहे. लिहिताना कानशिलं तापली. माझी आई हे वाचती तर कबरीतून उठून माझे केस ओढती.

मीर्झाआगा हसले. म्हणाले, खानूम, तुम्ही स्वतःच याच बसने जाताय, तर पत्र कशाला? त्यांना काय कळणार. समोर आले की मी तेच बोलणार, कशाला एवढा त्रास घेतलास, मी इथेच धर्मशाळेत राहते. तोंडाला वळणच तसं आहे. म्हणून त्यांना सांगितलं आहे, की गाडी थांबली की आधी उतरून हे तुझ्या हातात द्यायचं.

मुनीरला मी तू टाकून गेलीस असं म्हणाले, खरं आहे. तुझी आठवण येते असं सांगितलं असतं तर तिने कीव केली असती. राग दाखवला की निदान तोंड बंद ठेवते.

पण विमानतळावरचं. तिथे मी तआरोफ केलं नाही. तिन्ही 'जा' खरे होते. मी अर्ध्या तोंडाने जरी राहा म्हणाले असते तर तू राहिली असतीस, आणि माझ्याशेजारी बसून लसूण सोलत म्हातारी झाली असतीस. जन्मभरात तेवढंच मी मनातलं सरळ बोलले, आणि माझ्या पोरीने नेमकं त्यावरच विश्वास ठेवला नाही. याचा मला फार राग आला आहे, मंदाना. तो घेऊनच येते आहे.

मी बसमध्येच बसून राहीन. डावीकडची खिडकी. वाचून झालं की वर बघ.

तुझी मामान