आन्टींच्या ट्रकचे आठ प्लग

आबा, काल मी एका ट्रकचे आठ प्लग बदलले. तुम्ही आधी विचारलं असतं, "आठ? कसली गाडी म्हणायची ती?" म्हणून गाडीचंच आधी सांगते. अमेरिकन बनावटीचा जुना पेट्रोल ट्रक, पुढे लांबलचक बॉनेट, मागे उघडा हौदा. आमच्या शेजारच्या बाईंचा. त्यांना सगळी गल्ली आन्टी म्हणते, मीही म्हणते. सत्तरीच्या पुढच्या, माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, आवाज एवढा खणखणीत की कुंपणापलीकडून हाक मारली तरी आमच्या स्वयंपाकघरातली भांडी दचकतात. त्यांचा नवरा गेल्या वर्षी गेला. आयुष्यभर त्याने इथल्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध फॅक्टरीत नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी या ट्रकची सेवा केली. माणूस गेल्यावर साधारण वर्षभराने त्यांच्यात थडग्यावरच्या दगडावरून कापड काढायचा विधी असतो, सगळं गणगोत जमतं. तो आज, रविवारी होता, उत्तरेला त्यांच्या गावी, इथून चार तासांवर. आन्टींचा हट्ट एकच. जायचं तर त्याच्या ट्रकमधूनच.

ट्रक वर्षभर जागचा हलला नव्हता. शुक्रवारी दुपारी त्यांनी तो सुरू केला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. चार ठोके नीट, एक गायब, परत तीन नीट. आबा, चाळीस वर्षांत मी पान्याला हात लावला नव्हता. हॉस्पिटलच्या फार्मसीत गोळ्या मोजणारी बाई मी. पण कान तुमचेच. हातातली चादर तशीच टाकून मी कुंपणाशी गेले आणि म्हणाले, "आन्टी, मिसिंग करतोय. प्लग असतील." त्या म्हणाल्या, "गॅरेजवाला म्हणतो, दोन आठवड्यांनी आण." मग त्यांनी सीटमागून एक खोकं काढलं. आठ नवे प्लग, आठ नव्या वायरी. नवऱ्याने आजारी पडायच्या आधी आणून ठेवलेल्या. त्या खोक्याकडे बघत मी म्हणून गेले, "उद्या सकाळी मी बघते." घरात आल्यावर मला घामच फुटला.

सकाळी बॉनेट उघडलं. तुमच्या काळच्या फियाटला प्लग समोरच दिसायचे, इथे ते खाली, तापणाऱ्या एक्झॉस्टच्या अगदी कुशीत. वायरीच्या टोकाचं रबर त्या उष्णतेने जळू नये म्हणून प्रत्येकाभोवती पत्र्याचं एक नळकांडं बसवलेलं असतं. बूच बसावं तसं ते इंजिनच्या खोबणीत जाऊन बसतं. वर्षानुवर्षं तापून आणि गंजून ते तिथेच चिकटतं. मी पहिली वायर धरून ओढली. रबर टर्रकन फाटून हातात आलं, नळकांडं आतच. आन्टी शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "ओह, बगर." म्हणजे आपलं 'बोंबला'. आमच्या वरच्या खिडकीतून माझ्या लेकीने विचारलं, "मम, डू यू ईव्हन नो व्हॉट यू आर डूइंग?" मी म्हटलं, "नाही." तिला मराठी सगळं कळतं, त्यामुळे तिने खिडकी लावून घेतली.

आणि मग मी कराडला, आपल्या गॅरेजच्या दारात उभी आहे. बारा वर्षांची. मे महिना. डॉक्टरांची फियाट आली आहे आणि तिचा एक प्लग जाम झाला आहे. तुम्ही त्याच्या बुडाशी रॉकेल सोडता आणि समोरच्या टपरीवर चहाला जाता. जाताना मला सांगता, "हात लावू नको. मुरू दे त्याला." पण डॉक्टर घड्याळ बघत आहेत आणि मला त्यांना दाखवायचं आहे की मी कुणाची मुलगी आहे ते. मी पान्याला पाइप लावते, सगळं अंग टाकून दाबते. काडकन आवाज येतो. प्लगची चिनीमाती फुटते, उरलेला भाग आत. तुम्ही रस्ता ओलांडून धावत येता. चहाचा ग्लास हातातच आहे, चहा सदऱ्यावर. तेवढ्या लोकांसमोर तुम्ही ओरडता, "ज्याला थांबता येत न्हाई त्यानं पान्याला हात लावायचा न्हाई. घरी जा. पुन्यांदा हितं दिसू नको."

मी पुन्हा दिसले नाही. तुम्हीही बोलावलं नाहीत. पुढे बारावीची मार्कशीट आणली तेव्हा तुम्ही मोरीत कितीतरी वेळ हात घासलेत, तरी नखं काळीच राहिली, म्हणून ती रुमालात धरून वाचलीत. ओळ न् ओळ. शेवटी म्हणालात, "झ्याक." मला तेव्हा विचारायचं होतं, आता तरी येऊ का गॅरेजात? विचारलं नाही. पुण्याला गेले, मग इकडे आले. तुम्ही गेलात तेव्हा मी इथल्या रजिस्ट्रेशनच्या परीक्षेला बसले होते. तेराव्याला पोचले. स्वयंपाकघरात आई पाटावर बसून गहू निवडत होती. सहज बोलावं तसं म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या भुवईतनं रक्त आलं होतं, तुला कळलंसुद्धा नव्हतं. फुटलेला तुकडा डोळ्याच्या बोटभर वर लागला होता. ह्यांनी ते बघितलं. चार दिवस जेवण गेलं नाही त्यांना." भुवईतली ती खूण मी लहानपणी पडल्याची समजत होते. वीस वर्षं झाली त्याला. अजूनही आरशात तिकडे नजर गेली की वाटतं, तुम्ही एकदा तरी सांगायला हवं होतं. मी तरी विचारायला हवं होतं.

काल मी थांबले, आबा. गंज सोडवायचं तेल आठही ठिकाणी सोडलं आणि आन्टींना म्हटलं, "आता चहा." आम्ही त्यांच्या पायरीवर बसून चहा प्यायलो. नंतर पकडीने नळकांड्याची कड धरली. ओढलं नाही. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. तुम्ही मला पहिल्यांदा शिकवलं होतंत ना, "दात घासल्यागत, मागं-फुडं." बराच वेळ काहीच झालं नाही. मग केसाएवढं हललं.  सहा अशी निघाली. सातव्याला दुसऱ्यांदा तेल पाजावं लागलं. आठवं, अगदी मागच्या भिंतीला लागून असलेलं, काही केल्या हलेना. त्याची कड आत दुमडून, थोडी थोडी चेपून ते लहान केलं आणि तुकड्यातुकड्याने बाहेर काढलं. आत गंजाचा कण जाऊ नये म्हणून प्लग सोडवायच्या आधी प्रत्येक खोबण हवा मारून साफ केली. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून आधी नुसत्या बोटांनी फिरवला, आटे धरल्याची खात्री झाल्यावर मग पाना. कुणी सांगत नव्हतं. हातांना माहीत होतं. तीन तास मी वाकलेली होते, आणि सारखं वाटत होतं की मान वर केली तर समोर तुम्ही असाल. म्हणून वर बघायचं टाळत होते.

आन्टींनी चावी फिरवली. आठही ठोके एकसारखे लागले. त्या खाली उतरल्या, थरथरत्या बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि आपल्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या, मध्येच रागावल्यासारख्या, मध्येच हसत. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "त्याला सांगितलं, तुझ्या प्लगांना अखेर मुहूर्त लागला. आमच्यात गेलेल्या माणसाशी थेट बोलतात. पाठीमागे बोलणं बरं नव्हे." त्यांनी माझे काळे हात आपल्या हातांत घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि विचारलं, "कुणी शिकवलं तुला हे?"

मी म्हटलं, "यूट्यूब."

त्या मोठ्याने हसल्या, मला मिठी मारली आणि सामान भरायला आत गेल्या. आज पहाटेच निघाल्या. तेव्हापासून मी हे लिहितेय. ठेवणार कपाटातच, दुसरं कुठे पाठवणार? त्या 'यूट्यूब'चं तेवढं तुम्हाला सांगायचं होतं. तुमची लाज नव्हती, आबा, खरंच नव्हती. मराठीत 'माझे आबा मेकॅनिक' एवढं म्हटलं की भागतं, पुढे काही लावावं लागत नाही. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे 'इज' तरी म्हणावं लागतं, नाहीतर 'वॉज'. फॉर्मवर तुमच्या नावापुढे मी 'डिसीज्ड' कितीदा लिहिलंय, पण तोंडाने 'माय फादर वॉज' असं मी आजवर एकदाही म्हटलेलं नाही. उद्या आन्टी परत येतील. त्यांना खरं काय ते सांगायचं ठरवलंय. पण आज दुपारपासून स्वयंपाकघरात एकटीच ते वाक्य म्हणून बघतेय, आणि दर वेळी तोंडातून 'इज'च येतंय.