निरोपाआधी पोचलेला डबा

आये, गेल्या आठवड्यात उमरोळीची एक बाई आपल्या पडवीत येऊन बसली आणि तू कधीकाळी पोलीस ठाण्यात जाऊन जे बोलली होतीस, तेच बोलली. बाजारात मी तिच्याकडून भाजी घेते, तेवढीच आमची ओळख. तिचा मुलगा तारापूरच्या कारखान्यात कंत्राटावर लागला आणि तिथल्या सोबत्यांबरोबर गर्दच्या नशेच्या नादाला लागला. आता घरातली भांडी एकेक करून जायला लागली आहेत. आपला भाऊ, तुझा लेक, गर्दपायी तुरुंगात जाऊन आलाय हे तिला कुठून तरी कळलं होतं, म्हणून ती त्यालाच विचारायला आली. "भाऊ, तुमच्या वळखीचा कोन सायब हाय काय? चार दिस आत टाका म्हनावं त्याला. मार बसला का सुधारंल." भाऊ खाली बसून बोंबील साफ करत होता. मी चहा टाकत होते.

तुला मी दोष देत नाही असं आजवर सगळ्यांना सांगत आले. तू काही कमी केलं नव्हतंस. गावात पोरं भावाला गर्दुल्ला म्हणून हाका मारायची तेव्हा तू मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ताठ मानेनं त्यांच्यासमोरून जायचीस. एक हंगाम त्याला तांडेलाच्या हवाली करून बोटीवर पाठवलंस. पहिल्या फेरीत तो लटलटा कापत होता, पण नंतर अन्न जायला लागलं, अंग भरलं. मग पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्याला लागल्या आणि पोरगा परत बोईसरला, गर्द ओढणाऱ्या पोरांच्या त्या खोलीत. तेव्हा तू म्हणालीस, "सरळ बोटानं तूप निघत नाय." तुझा पोलिसांचा अनुभव तो केवढा? मामानं दारू पिऊन दंगा केला तेव्हा त्याला एक रात्र बसवून ठेवलं होतं आणि सकाळी तो मान खाली घालून घरी आला होता, तेवढाच. दारूचा कायदा वेगळा आणि गर्दचा वेगळा, हे तुला कोण सांगणार? तू विचारलं असतंस तर मीही जा म्हटलं असतं.

मला तो दिवस अजून दिसतो. तू बाजारातून येतेस, पाय धुतेस, आणि चुलीपाशी बसून मला हळूच सांगतेस की खोली कुठली ते ठाण्यातल्या साहेबाला दाखवून आले. माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवतेस. "त्याला कदी कळता कामा नाय. माजी शपत हाय तुला." धाड त्याच रात्री पडणार हे तुला ठाऊक, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच तू सुक्या बोंबलाची चटणी करतेस, तांदळाच्या भाकऱ्या थापतेस आणि डबा घेऊन ठाण्याकडे निघतेस. जाताना तुझ्या चेहऱ्यावर काळजी आहे, पण थोडा हुरूपही आहे. दवाखान्यात भरती केलेल्या पोराला बघायला जावं तशी तू गेलीस.

पुढचं तुला माहीत आहे. खोलीत जेवढा माल सापडला तेवढा तिथं झोपलेल्या सगळ्यांच्या नावावर लागला. विकणारा त्या रात्री तिथं नव्हताच. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि माल एवढा की जामीन नाही. चार दिवसांची वर्षं झाली. मुलाखतीला घरचं अन्न चालत नाही हे कळूनही तू डबा नेत राहिलीस आणि तुरुंगाच्या दाराशी ओळीत उभ्या असलेल्या मासवणकडच्या एका म्हातारीला तो देत राहिलीस. तिचाही नातू आत होता. घरी येऊन म्हणायचीस, "समदी आपलीच पोरं हाईत ग. कंत्राटावरची, डोंगरातली. इकनारा यक बी नाय दिसला." मग एका पावसाळ्यात तू तापानं गेलीस. तुला पोचवायला येण्याची परवानगी त्याला मिळाली ती कागदावर, आणि तीही तुझी राख थंड झाल्यावर. पुराव्याअभावी तो निर्दोष सुटला तेव्हा दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायला मीच उरले होते.

गेल्या आठवड्यात पडवीत मात्र त्यानं सुरी बाजूला ठेवली, हात धुतले आणि त्या बाईला म्हणाला, "मावशी, पोलिसात नको. माज्या आयनं मला दिलं होतं. चांगल्यासाठीच दिलं होतं." एवढं बोलून तो तिला सरकारी दवाखान्याबद्दल सांगायला लागला. तिथं गर्दची तलफ मारायला रोज जिभेखाली ठेवायची गोळी देतात, ती तो स्वतः घेतो. आत असताना पहिले दिवस कसे लोळत, ओकत काढले आणि सगळे लांबून बघत कसे बसले, तेही त्यानं सांगितलं. "तो आजारी हाय मावशी. उद्या सकाळी त्याला माज्याकडं धाडा." बाई रडत रडत गेली. चहा तसाच राहिला.

मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

"पयल्या दिसापासनं. घरी निरोप धाडला नव्हता अजून, नि आय डबा घेऊन ठाण्याच्या दारात हुबी. तिला कोनी सांगितलं असंल?"

"मग बोललास का नाही तिच्याशी?"

"काय बोलू, बाय? दर मुलाखतीला तोंड उघडायची नि रडायची. सांगायचं असायचं तिला, येत नव्हतं. मंग मीच इचारायचो, बोंबील बरं पडलंत का यंदा."

आये, तू तुरुंगातल्या जाळीच्या या बाजूला आणि तो त्या बाजूला, दोघंही तीच एक गोष्ट गिळून बोंबलांचा भाव बोलत होतात. आणि मी तुझी शपथ घेऊन घरी गप्प. आम्हा तिघांपैकी एकानं तोंड उघडलं असतं तर तू एवढं कुढत गेली नसतीस, याचं मला फार वाईट वाटतं.

उमरोळीचा पोरगा दोन दिवस दवाखान्यात आला. तिसऱ्या दिवशी आला नाही, तर भाऊ त्याच्या घरी जाऊन, अंघोळ घालून त्याला घेऊन आला. टिकेल की नाही देव जाणे, पण तो घरी झोपतो आणि त्याची आई त्याला हातानं वाढते.

हे सगळं तुला लिहिलं तरी पाठवायचं कुठं? पेटीत, तुझ्या लुगड्यांखाली ठेवीन. भावानं तुला तिथंच, जाळीपलीकडून, माफ केलं होतं, एवढं तुला कळायला हवं होतं. माझं विचारशील तर, इतकी वर्षं तुझी बाजू घेतली खरी, पण माझं माफ करून अजून झालेलं नाही.