मैद्याच्या कपावरची शीग

शनिवार, दिवेलागण

झाला एकदाचा केक! छान फुगलाय, काडी घातली तर कोरडी निघाली. उद्या लेकीचा वाढदिवस, आणि मी सकाळपासून धास्तावलेली.

वजनकाटा बंद पडलाय, म्हणून अडीचशे ग्रॅम मैद्याचे दोन कप धरले. मागच्या रविवारीही तेच धरले होते, तरी केकमध्ये सुरी शिरेना. आठवडाभर मी ओव्हनला शिव्या घालत होते. मैदा तेव्हा सासूबाईंनी मोजला होता. आज त्या मोजताना शेजारी उभी राहिले आणि कळलं. कप आपटून आपटून मैदा दाबायचा, वर आणखी शीग लावायची. दारात कोणाला तांदूळ मोजून देताना लावतात, तश्शीच. एका कपात दीड कपाचा मैदा!

आता यांना सांगायचं कसं? रुसल्या तर? शेवटी धीर करून म्हटलं, "आई, दाबू नका, शीगही नको, केक घट्ट होतो," आणि कप रिकामा करून हलकेच पुन्हा भरला, सुरीच्या पाठीनं सपाट केला. त्या बघतच राहिल्या.

"सपाट माप? असं कोणाला देतात काय गो?"

पण दुसरा कप त्यांनी स्वतःच भरला. हलक्या हातानं, न दाबता. वरून सुरीही फिरवली. शीग नाही! मी हुश्श केलं.

कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "केकला ठीक हाय. पण दारात कोण तांदूळ मागायला आलं, तर ही सुरी घेऊन बाहेर येऊ नको."