उशीसाठी नव्हती ती रुई

सेलू, जि. वर्धा
१२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रफुल्लला जयाताईचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तू कसा आहेस ते विचारत नाही. टीव्हीवर लेखक म्हणून नाव झळकतं, म्हणजे मजेतच असणार. फोन न करता लिहिते आहे, कारण मी फोन लावला की सासूबाईंचा कान माझ्याआधी तिथे पोचतो.

तुझी मालिका इथल्या कापसाच्या जिनिंगमधल्या सगळ्या बायकांनी पाहिली. अरे, काय ती तुझी नायिका! दिवसभर रुईत राबते आणि पापणीवर एक तंतू नाही! बायका हसून बेजार. पण मुकादम फाटकावर झडती घेतो तो भाग आला, तेव्हा कोणी हसलं नाही. मग बातमीवाले आले, सरकारी साहेब आले. झडती बंद झाली, संडासाला दार बसलं, झडतीवरून कामावरून काढलेल्या बायकांना शेठने परत घेतलं. तुझं कौतुक आहेच, नाही कोण म्हणतं?

फक्त एकीला घेतलं नाही. जिची गोष्ट मी तुला सांगितली होती, तिलाच.

आणि ते तुझ्यामुळे. मी एवढंच सांगितलं होतं की तिच्या कमरेला मूठभर रुई सापडली आणि मुकादमाने ती सगळ्यांसमोर काढायला लावली. तुझं तेवढ्यावर भागलं नाही. तू तिला तान्हं बाळ दिलंस, बाळाला उशी नाही म्हणून तिला रुई चोरायला लावलीस. करायला गेलास गणपती, झाला मारुती! आता शेठ साहेबांना म्हणतो, "टीव्हीवालेच दाखवून राह्यले साहेब, तिनं चोरी केली म्हणून. तिले कशी घेऊ?"

परवा जिनिंगमधली वच्छलाबाई घरी येऊन मलाच समजावत होती, "चोरली त चोरली व बाई, लेकरासाठीच न! माफी मांगून टाक, शेठ घेईन परत."

लेकरासाठी! माझा पियुष बारावीला आहे, त्याला कशाला हवी उशी?

हो, मीच ती. धाकट्या भावाला कारण सांगायची लाज वाटली, म्हणून 'एक बाई' म्हणाले. आता ऐक. त्या दिवशी मला पाळी आली होती. संडासाला दार नव्हतं, मुकादम घरी सोडत नव्हता. मशीनखालची मळकी रुई फडक्यात घेतली, थोडी बदलायला कमरेला खोचली. फाटकात त्या बाप्यांसमोर तोंडातून शब्द फुटला नाही. मला वाटलं, निदान बायकांना तरी कळलं असेल. त्यांना तुझी उशी पटली.

उद्या साहेब पुन्हा येणार आहेत. शेठसमोर, मुकादमासमोर मी हे असंच सांगणार आहे. सासूबाईंनाही कळू दे. मला माझं काम परत हवं आहे, आणि माफी मी मागणार नाही.

तूही मालिकेतल्या त्या बाईच्या तोंडी खरं कारण घाल. "ताई, असलं टीव्हीवर दाखवत नाहीत" म्हणालास, तर येत्या राखीला मनगट मुंबईलाच ठेवून ये.

चोरी न केलेली,
तुझी ताई
जया